आंबेहट्टीच्या हत्तीची समिती

११ ऑक्टोबर २००४

आज प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की चंदगडच्या हत्ती-प्रकल्पाचा प्रमुख मी. मी समाजशास्त्राचा प्राध्यापक. हत्ती जवळून पाहिला तो सर्कशीत, तोही स्टुलावर बसलेला. पण दिल्लीहून मंजूर झालेल्या या संशोधनाला तीन बाजू आहेत: कॉलेज, सरकार आणि शेतकरी. प्राणिशास्त्राच्या डॉ. वर्षाराणी शिंत्रे प्रमुख झाल्या तर ते वनखात्याला चालत नाही. वनखात्याचे विजयसिंह साहेब झाले तर शेतकऱ्यांना चालत नाही. आणि शेतकरी प्रमुख झाला तर कुणालाच चालत नाही. तेव्हा हत्तीबद्दल काहीही मत नसलेला माणूस म्हणून माझी निवड एकमताने झाली.

घरी सांगितलं. विद्याश्री मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हत्तीला कळवलं का?"

१४ ऑक्टोबर

डॉ. शिंत्रे येऊन विषय समजावून गेल्या. वयाने लहान, पण बोलणं थेट. एक टस्कर, म्हणजे मोठ्या सुळ्यांचा नर, कर्नाटकाच्या रानातून येऊन गेल्या वर्षापासून आंबेहट्टीच्या शिवारात वावरतो आहे. लोक त्याला मारायला धावत नाहीत, पाया पडायला धावतात. साक्षात गणपती दारात आला म्हणतात. डॉ. शिंत्रेंच्या मते हे जास्त वाईट. हत्तीला माणसाची भीती वाटत नाही, माणसाला हत्तीची वाटत नाही, आणि एक दिवस कुणाचा तरी पाय चुकतो.

त्यांना तीनच गोष्टी हव्यात. हत्तीला खायला घालणं बंद, भोवतीची गर्दी बंद, आणि त्याची रानाकडे जायची वाट मोकळी. आमच्या अहवालावर तिन्ही बाजूंच्या आणि प्रमुखाच्या सह्या झाल्या की जिल्ह्यातून आदेश निघेल.

"सर, माणूस मरायच्या आत हे व्हायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

वाक्य फार आवडलं. लिहून ठेवलं. प्रस्तावनेत चपखल बसेल.

२६ ऑक्टोबर

पहिली बैठक. झकास झाली. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक (मी), मग सत्कार. सत्काराच्या क्रमावरून जरा पेच पडला. विजयसिंह साहेब मोठे अधिकारी, डॉ. शिंत्रे पीएच.डी., आणि आंबेहट्टीचे भीमाप्पा साधे शेतकरी, पण वयाने सगळ्यांत थोर. प्रमुखाची कसोटी अशाच वेळी लागते. मी तोडगा काढला की तिघांनी एकमेकांचा एकाच वेळी सत्कार करावा. तिघांच्याही हातात नारळ असल्याने घ्यायला हात कुणाचाच मोकळा नव्हता, पण फोटो चांगला आला.

भीमाप्पांचा ऊस आणि भात. घर शेतातच, गावापासून थोडं लांब. घरात कन्नड, बाहेर मराठी. आई शांतादेवी अंथरुणाला खिळलेली. आमच्याच लिंगायत समाजाचे निघाले, तेव्हा आल्या आल्या 'शरणु शरणार्थी' झालं आणि मला बरं वाटलं. पहाटेची एसटी धरून, गडहिंग्लजला बदलून कोल्हापूरला आले होते. आभारप्रदर्शन संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, हत्तीचं कवा बोलायचं?"

मी म्हणालो, आज वेळ संपली, पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच.

"न्हाय, त्यो रोज येतोय म्हनून इचारलं," ते म्हणाले.

बैठकीनंतर तिघं खाली टपरीवर चहाला गेले. मला बोलावलं नाही. मला साखरेचा त्रास आहे हे डॉ. शिंत्रेंना ठाऊक आहे. प्रमुखाच्या प्रकृतीची एवढी काळजी घेणारे सहकारी मिळायला भाग्य लागतं. खिडकीतून पाहिलं तर बाकावर काहीतरी नकाशासारखं पसरलं होतं आणि भीमाप्पा बोटाने हवेत रेघा ओढत होते. खूप वेळ बसले होते. एवढा चहा बरा नव्हे, पण मोठी माणसं आहेत, कोण सांगणार.

५ नोव्हेंबर

आंबेहट्टीला प्रत्यक्ष भेट. आजऱ्यात थांबून काजू घेतले, कारण आजऱ्यातून काजू न घेता गेलं तर घरी गाठ विद्याश्रीशी आहे.

गावाने वेशीवर हलगी लावून स्वागत केलं. मारुतीच्या देवळापुढे मातीत हत्तीचं पाऊल उमटलेलं, परातीएवढं. त्यावर हळदकुंकू, फुलं, उदबत्ती. देवळाच्या कट्ट्यावर केळीचा घड आणि गुळाची ढेप मांडलेली. हे रोज मांडणारा माणूस म्हणजे केरबा. देवळाची झाडलोट करतो, एरवी लोकांच्या म्हशी राखतो. ना शेत, ना संस्थेत नाव. बारीक अंगाचा, बोलायला लाजणारा. मी विचारलं, हत्ती हे खातो का? तो नुसता हसला आणि मग म्हणाला, "खातोय की. गुळ आदी. मग माज्याकडं बघतोय."

डॉ. शिंत्रे लगेच म्हणाल्या, हे आजपासून बंद करा, हत्तीला गावात यायची सवय लागेल. लोकांची तोंडं उतरली. सरपंचांनी नारळ माझ्यापुढे धरून म्हटलं, "सर, तुम्ही प्रमुख पावणं. तुमच्या हातानं होऊ दे." आता एका बाजूला शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला लोकश्रद्धा. प्रकल्पाची तिन्ही चाकं सोबत न्यायची तर लोकांना दुखवून चालत नाही. मी पावलावर नारळ फोडला आणि कट्ट्यावरच्या केळ्यांना हात लावून नमस्कार केला. टाळ्या झाल्या. केरबाला मी म्हटलं, "तुम्ही फार मोलाचं काम करता आहात. असंच लक्ष ठेवा." त्याला इतका आनंद झाला की त्याने माझे पाय धरले. लोकसहभागाचं याहून जिवंत उदाहरण कुठल्या पुस्तकात सापडणार?

परतताना डॉ. शिंत्रे गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. वळणावळणाचा रस्ता, गाडी लागली असणार. मी आवळासुपारी दिली. त्यांनी घेतली नाही.

१९ नोव्हेंबर

डॉ. शिंत्रेंचा फोन. हत्ती आता रोज सायंकाळी बरोबर देवळाच्या कट्ट्यावर येतो. म्हणजे भेटीचा परिणाम दिसू लागला आहे. मी तसं म्हटलं तर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. लाइन खराब असावी.

येता-जाता त्याने भीमाप्पांच्या गोठ्याची भिंत पाडली. भिंतीपलीकडे त्यांच्या आईची खाट. म्हातारीला काही झालं नाही. पण भीमाप्पांनी तिला गावात न्यायचं म्हटलं तर ती तयार नाही. "अव्वा म्हनते, माज्या घरात हत्ती आला तर गनपती आला, मी का जाऊ?" हे भीमाप्पांनी फोनवर सांगितलं तेव्हा ते हसत होते की काय, कळलं नाही.

तातडीची बैठक बोलावली. भिंतीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव एकमताने मंजूर.

९ डिसेंबर

अहवालाची भाषा ठरेना. विजयसिंह साहेब म्हणतात 'हत्तीचा उपद्रव', डॉ. शिंत्रे म्हणतात 'हत्तीचा वावर', भीमाप्पा म्हणतात 'हत्तीचं येणं'. तीन बैठका यातच गेल्या. मी सुचवलं, 'हत्तीचे उपद्रवी वावरणे येणे'. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहाला गेले.

आज प्रथमच मनात आलं की आपण या जागेला योग्य आहोत ना? विद्याश्रीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो. पण नमनालाच घडाभर तेल घालता." मग तिने वाटीत तिळाची चटणी वाढली आणि विषय संपला. चटणी उत्तम होती. शंका तशीच राहिली.

२३ डिसेंबर

आश्चर्य! अहवाल तयार आहे. डॉ. शिंत्रेंनी आणून माझ्या टेबलावर ठेवला. एकूण नऊ पानं, नकाशासकट. त्यात तीन शिफारशी, प्रत्येकीखाली कारण, कोणी काय करायचं ते नेमकं. नकाशावर हत्तीची जुनी वाट: उसातून, भीमाप्पांच्या घराच्या मागून, देवळाला वळसा घालून रानात. भीमाप्पांनी घर सोडून गावात राहायला यायचं कबूल केलं आहे, आईची समजूत वनखात्याने काढायची आहे. आणि शीर्षकात वाद नाही, नुसतं 'आंबेहट्टी आणि हत्ती'. तिघांच्या सह्याही झालेल्या.

माझ्या एकाही बैठकीत हे ठरलं नव्हतं. मग हे तिघं भेटले कधी? विचार करकरून मी थकलो. शेवटी लक्षात आलं की वातावरण निर्माण झालं की काम आपोआप होतं. वातावरण मी केलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

आता फक्त प्रमुखाची प्रस्तावना आणि सही. सही काय, क्षणाचं काम. पण नऊ पानांचा अहवाल जिल्ह्यात कोण हातात धरेल? वजन हवं.

११ जानेवारी २००५

प्रस्तावनेची बावीस पानं झाली. भारतीय परंपरेतील गजविचार आटोपला. कोल्हापूर संस्थानातील हत्तीही झाले. आता समन्वयाची संकल्पना.

डॉ. शिंत्रे म्हणाल्या, "सर, नुसती सही करून पाठवू या ना, प्रस्तावना मागाहून जोडता येईल." तरुण माणसं उतावळी. वरातीमागून घोडं नाचवून काय उपयोग, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सर, इथे घोडंच वरात अडवून उभं आहे." त्यांचा विनोद कधी कधी चांगला असतो.

३० जानेवारी

विद्याश्रीने प्रस्तावना वाचली. दुपारभर वाचत होती. शेवटी चष्मा काढून विचारलं, "यात आंबेहट्टी कुठाय?"

मी म्हटलं, शेवटच्या प्रकरणात येईल.

"आणि अहवाल?"

"तो प्रस्तावनेनंतर."

"म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं तसं," ती म्हणाली. "फक्त तुमचं शेपूट पुढं आहे."

राग आला. जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

९ फेब्रुवारी

भीमाप्पांचा चंदगडच्या एसटीडी बूथवरून फोन. आवाज घाबरा. शनिवारी गणेश जयंती आहे आणि त्या दिवशी आंबेहट्टीत हत्ती दर्शन देतो अशी वार्ता गडहिंग्लज, आजरा, पार बेळगावच्या बाजूपर्यंत गेली आहे. टेम्पो ठरवले जात आहेत. "सर, हत्ती माज्या उसात बसलाय दोन दिस झालं. अव्वा घरातच हाय, हलंना झालीया. लोकं आली तर काय करायचं?"

त्यानंतर डॉ. शिंत्रे स्वतः घरी आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, आज सही करा. उद्या मी जिल्ह्यात हाताने नेऊन देते. आदेश निघाला तर शनिवारी गर्दी अडवता येईल."

मी म्हटलं, प्रस्तावनेची दोनच पानं उरलीत, सोमवारी नक्की. अपुरं काम पाठवणं माझ्या स्वभावात नाही.  विद्याश्रीने त्यांना चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. चहाला नाही म्हणताना त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

१२ फेब्रुवारी, गणेश जयंती

घसा बसला आहे, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे. आयुष्यातला मोठा दिवस.

दुपारी आम्ही पोचलो तेव्हा आंबेहट्टीच्या शिवारात यात्रा भरली होती. टेम्पो, ट्रॅक्टर, जीपा, नारळवाले, एक पाळणासुद्धा आलेला. हत्ती भीमाप्पांच्या उसात. उसाच्या तिन्ही बाजूंना माणसं, प्रत्येकाच्या हातात नारळ. रानाकडे जायची वाट माणसांनी ठासून भरलेली. मधोमध भीमाप्पांचं घर, आत त्यांची आई आणि बायको. भीमाप्पा बांधावर उभे, पोलीस त्यांना पुढे जाऊ देत नव्हते. ऊस हलायचा, की लोक "मोरया" म्हणून पुढे सरकायचे.

विजयसिंह साहेबांनी कर्ण्यावरून सांगितलं, मागे व्हा. कुणी हललं नाही. पोलीस काठी उगारायला निघाले तर डॉ. शिंत्रेंनी त्यांना धरलं. लोक पळाले तर हत्ती बिथरेल, आणि पहिलं घर हेच. मग त्यांनी स्वतः लोकांना समजावलं, हत्तीचं मन कसं चालतं ते. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचं बराबर हाय. दर्शन घिऊन जातो की."

विजयसिंह साहेब घामाने चिंब. साहेबांचा चेहरा एवढा पडलेला मी पाहिला नव्हता. तेवढ्यात डॉ. शिंत्रे माझ्याकडे वळल्या. एकदा लोकांच्या हातांतल्या नारळांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही सत्कार घ्या."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. गावाच्या पलीकडे, शाळेच्या मैदानावर. आत्ता."

मला क्षणभर वाटलं, ही थट्टा करते आहे. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. (मी 'तिच्या' लिहिलं. असू दे.)

गाडीच्या डिकीत मी नेहमी दोन शाली ठेवतो, कुठे कोण भेटेल सांगता येत नाही. शाळेत गणेश जयंतीसाठी माइक होताच. मी कर्णे शिवाराकडे वळवायला लावले आणि बोलायला सुरुवात केली: "गजराजाच्या सेवेसाठी उपस्थित असलेल्या प्रत्येक मान्यवराचा याच ठिकाणी यथोचित सत्कार होणार आहे. आपली नावं चिठ्ठीवर लिहून व्यासपीठाकडे पाठवावीत. नाव पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा सत्कार होणार नाही."

पहिल्यांदा कुणी आलं नाही. मग मी आंबेहट्टीच्या सरपंचांचं नाव घेतलं, शाल घातली, फोटोवाल्याला उभं केलं. लगेच माजी सरपंच आले, कारण आजीचा झाला म्हटल्यावर माजीचा राहून कसं चालेल. माजीच्या मागून विरोधी गट. मग दूध संस्थेचे चेअरमन, सगळे संचालक, मग शेजारच्या गावाची दूध संस्था, कारण आमच्या दुधाला काय पाणी हाय व्हय, असा एक आवाज आला. तरुण मंडळांनी अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि आधारस्तंभ अशा याद्या पाठवल्या. कुणाचा पाव्हणा बेळगावहून आला होता, त्याचं नाव. कुणाचं लेकरू बालवाडीत पहिलं आलं होतं, त्याचं. चिठ्ठ्यांचा पाऊस. नारळांचा प्रश्नच नव्हता, प्रत्येकाने हत्तीसाठी आणलेला होताच. ज्याचा नारळ त्याच्याकडून घ्यायचा, त्यालाच द्यायचा. शाल एकाच्या खांद्यावरून निघून स्टेजच्या मागून फिरून दुसऱ्याच्या खांद्यावर. आपल्या लोकांना देव दिसला नाही तरी चालतं, पण आपलं नाव माइकवर आलं आणि आपण तिथे नव्हतो हे चालत नाही. मी नावं घेत गेलो आणि माणसं शिवारातून येत गेली. मैदान भरलं. रस्ता भरला. ट्रॅक्टरवर माणसं उभी राहिली.

मध्येच मला कळलं की मला कशासाठी उभं केलं आहे. इतके महिने टीमचा प्रमुख मी होतो, पण टीमला माझा उपयोग पहिल्यांदा आज झाला. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घसा फाटेपर्यंत नावं घेतली. एकही चिठ्ठी सोडली नाही. दोनदा आलेली नावंही दोनदा घेतली.

ऊन उतरलं तेव्हा विजयसिंह साहेब स्टेजवर आले आणि माझ्या कानात म्हणाले, "गेला." शिवार रिकामं झाल्यावर वनखात्याच्या माणसांनी भीमाप्पांच्या बायकोला बाहेर काढलं आणि आईला खाटेसकट उचलून गावात आणलं. म्हातारी वाटभर शिव्या देत होती म्हणे. नंतर तिन्हीसांजेला हत्ती आपणहून उसातून उठला आणि शांतपणे मागच्या वाटेने चालता झाला. फटाका नाही, काठी नाही.

साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डॉ. शिंत्रेंनी गाडीत मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.  हजारो माणसं, एक हत्ती, आणि कुणाला ओरखडा नाही. आज मला वाटतं, मी या जागेला योग्य आहे.

१३ फेब्रुवारी

सकाळी डॉ. शिंत्रेंचा फोन. केरबा गेला.

हत्ती थेट रानात गेला नाही. नेहमीच्या वेळी आधी देवळाच्या कट्ट्याकडे गेला. केरबा तिथे होता. सगळं गाव शाळेत, वनखात्याची माणसं उसाकडे आणि भीमाप्पांच्या घराकडे. आम्ही निघून आल्यावर लोकांना केरबा कट्ट्यापाशी पडलेला दिसला. हातात केळीची फणी होती.

मी विचारलं, हत्तीने मुद्दाम केलं का. त्या म्हणाल्या, "नाही सर. अंगावर घेण्यासारखा राग असता तर दिसला असता. केळ्यांसाठी पुढे झाला असेल, तो माणूस मागे सरला नसेल."

मग बराच वेळ दोघंही बोललो नाही. लाइन ठीक होती.

१४ फेब्रुवारी

अहवालावर सही केली. प्रस्तावना जोडली नाही. सही करायला खरंच क्षणच लागला.

डॉ. शिंत्रे जिल्ह्यात घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांनी कळवलं की आदेश निघाला. तिन्ही गोष्टी, जशाच्या तशा. माणूस मेल्यामुळे आता कागद कुठेच अडत नाही.

विद्याश्रीने प्रस्तावनेची पानं कपाटात ठेवली. मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, "राहू दे, मी काही तुम्हाला बोलणार नाही." त्याने जास्त लागलं.

२७ फेब्रुवारी

आज एकटाच आंबेहट्टीला गेलो. एसटीने.

कट्ट्यावर काही मांडलेलं नव्हतं. भीमाप्पा स्टँडवर घ्यायला आले होते. हत्ती मधे एकदा येऊन गेला म्हणाले. मागच्या वाटेने आला, मागच्या वाटेने गेला, कुणी बघायला गेलं नाही. आम्हाला हवं होतं ते अगदी तसंच झालं आहे.

केरबाचं घर देवळामागे, एक खोली. बायको चिमणाबाई दारात गोवऱ्या थापत होती. भीमाप्पांनी सांगितलं, "हे कोल्हापूरचं सर." तिने हात धुतले, पोतं टाकलं, बसा म्हणाली.   मी म्हटलं, फार वाईट झालं. ती म्हणाली, व्हय.

मग तीच बोलू लागली. रडत नव्हती.

"मी म्हनलं त्येला, चल की, समदं गाव गेलंया, तितं शाल घालाय लागल्यात. त्यो म्हनला, तू जा. तितं नावं पुकारत्यात. माजं कोन पुकारतंय? मला सरांनी हितं लक्ष ठेवाय सांगितलंया, मी हितंच बसतो. मी गेलते. लई गर्दी. मागं हुबी ऱ्हाऊन ऐकत हुते."

भीमाप्पा म्हणाले, जाऊ दे वैनी. ती थांबली नाही.

"लेकराबाळांची बी नावं घेतलासा. बेळगावच्या पाव्हन्याचं घेतलासा. मला वाटलं, आता ईल, आता ईल. यांचं नाव आलं असतं तर पळत जाऊन घिऊन आले असते मी. एक नाव जास्त झालं असतं का वो सर?"

मी म्हणालो, "नाही. झालं नसतं."

ती मान हलवून परत गोवऱ्यांकडे गेली. परतीच्या एसटीला अवकाश होता, तरी भीमाप्पांनी मला उठवलं आणि आम्ही स्टँडवर जाऊन उभे राहिलो.